दहा आठवडे हॉटेलात राहायचंय, दर कसा कमी करून घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या कंपनीतून तुम्हाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दहा आठवडे पुण्याजवळ हिंजवडीला प्रोजेक्टवर पाठवतायत. राहण्यासाठी कंपनी रात्रीला करासकट २,५०० रुपयांपर्यंतचं बिल मान्य करते. ऑफिसजवळचं जे हॉटेल तुम्हाला पसंत आहे, त्याचा दर ॲपवर ३,१०० अधिक जीएसटी दिसतो. थेट हॉटेलला फोन केला तर रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, "सर, ऑनलाइनच बघा, तिकडे स्वस्त पडेल." महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारला घरी जायचा विचार आहे. आणि घासाघीस करायला संकोच वाटतो.

मी पुण्यातल्या बिझनेस हॉटेलांत आधी फ्रंट ऑफिस आणि मग सेल्समध्ये बरीच वर्षं काढली. लाँग स्टेचे दर ठरवणं हे रोजचंच काम होतं. त्यामुळे दर मागणारा काय बोलतो आणि देणारा मनात काय हिशेब करतो, हे दोन्ही सांगू शकते.

पहिली गोष्ट हॉटेलला फोन करण्याआधीची आहे. एचआरला विचारा की २,५०० ही मर्यादा प्रत्येक रात्रीची वेगळी धरतात की एकूण मुक्कामाची? आणि तुम्ही घरी गेलात त्या रात्रींचं बिल, खोली तुमच्याच नावावर राहिली तर, मंजूर होतं का? हे लेखी विचारा. सगळी वाटाघाट या उत्तरावर उभी आहे, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

का, ते आकड्यांत बघा. दहा आठवडे म्हणजे ७० रात्री. चार वेळा घरी गेलात, दर वेळी शुक्रवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी परत, तर १२ रात्री वजा. उरल्या ५८. समजा हॉटेल म्हणालं, हवं तेव्हा सोडा, हवं तेव्हा या, दर २,७००. एकूण झाले १,५६,६००. दुसरा पर्याय असा, हॉटेल म्हणालं, सलग ७० रात्रींचं पक्कं करा, २,२०० ला देतो. एकूण १,५४,०००. म्हणजे बारा रात्री खोली रिकामी ठेवूनही दुसरा पर्याय स्वस्त. शिवाय बॅगा भरा-उघडायची कटकट नाही. आता यावर पाच टक्के जीएसटी लावा. पहिल्यात रात्रीचे २,८३५ होतात, म्हणजे मर्यादेवर ३३५ रुपये, ५८ रात्रींचे मिळून १९,४३० तुमच्या खिशातून. दुसऱ्यात २,३१० होतात, मर्यादेच्या आत. पण कंपनी म्हणाली की घरी असताना आम्ही पैसे देणार नाही, तर दुसऱ्यातल्या बारा रात्री तुमच्या अंगावर, म्हणजे २७,७२०. मग पहिलाच बरा. म्हणून म्हणते, आधी एचआर, मग हॉटेल.

तुमचं लक्ष्यही यातूनच ठरतं. पाच टक्के कर धरून २,५०० च्या आत राहायचं तर मूळ दर २,३८० च्या वर जाता कामा नये. हा आकडा डोक्यात ठेवा, पण फोनवर पहिला तुम्ही उच्चारू नका.

कराबद्दल एक सूचना, कारण जुनी माहिती अजून फिरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. आधी तो १२ टक्के होता. ७,५०० च्या वर १८ टक्के. हा कर भिंतीवर टांगलेल्या छापील दरावर लागत नाही, प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर लागतो. तुम्हाला गरज नाही, पण मोठ्या हॉटेलात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ७,८०० ची खोली करासकट ९,२०४ ला पडते आणि तीच घासाघीस करून ७,४०० ला आणली तर ७,७७० ला. चारशे रुपये सोडवले आणि चौदाशेहून जास्त वाचले.

आता तो रिसेप्शनवरचा मुलगा. तो खोटं बोलला नाही. त्याच्या स्क्रीनवर वॉक-इनचा, म्हणजे आयत्या वेळी दारात येणाऱ्या पाहुण्याचा, दर असतो, आणि त्यातून फार तर पाच-दहा टक्के सोडायची त्याला मुभा असते. सत्तर रात्रींचा दर देण्याचा अधिकार त्याला नाहीच. त्यामुळे नकार मिळाला म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही, माणूस चुकीचा होता इतकंच. हॉटेलात फोन लावून "सेल्स मॅनेजरशी बोलायचंय, लाँग स्टेसाठी" एवढंच म्हणा. छोट्या हॉटेलात सेल्सचा वेगळा माणूस नसतो, तिथे जनरल मॅनेजर किंवा थेट मालक. सकाळी अकरा-बाराला फोन करू नका, चेकआउटची गर्दी असते. सोमवारची सकाळ मीटिंगमध्ये जाते. मंगळवार ते गुरुवार दुपारी तीननंतरची वेळ चांगली. महिना संपत आला असेल आणि सेल्सवाल्याचं टार्गेट भरायचं असेल, तर आणखी चांगली.

ॲपवर ३,१०० आणि थेट त्याहून कमी, हे हॉटेलला परवडतं कसं? ॲपवाले साधारण १५ ते २५ टक्के कमिशन घेतात. मधलं २० धरू. ३,१०० मधले ६२० गेले, राहिले २,४८०. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे आणखी ११२ रुपये. ५ टक्केवाल्या खोल्यांना आता इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, त्यामुळे हे ११२ रुपये हॉटेलच्या खिशातूनच जातात. हातात पडले २,३६८ च्या आसपास. तुमचं २,३८० बघा. म्हणजे तुम्ही सवलत मागताय असं वाटून घ्यायची गरजच नाही. हॉटेलला ॲपकडून जे मिळतं तेवढंच तुम्ही देताय, आणि तेही सत्तर रात्रींचं एकगठ्ठा. संकोचाचं मूळ तिथेच संपायला हवं.

ॲपवर कधी कधी कूपन लागून दर एकदम खाली दिसतो. ती सूट बरेचदा ॲप स्वतःच्या खिशातून देतं, हॉटेल नाही. त्या आकड्याशी हॉटेलने बरोबरी करावी असा हट्ट धरू नका, त्यांना ते जमणार नाही. आणि "आम्ही ॲपपेक्षा कमी दर देऊच शकत नाही, करार आहे" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की तुम्हाला जाहीर दर नको, कोटेशन हवंय. खाजगी कोटेशन वेगळी गोष्ट आहे. शिवाय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला हॉटेलांशी केलेल्या करारांतून समान दराच्या, म्हणजे इतरत्र कमी दर देऊ नये अशा, अटी काढायला सांगितलं होतं. पण हे कायद्याचं ज्ञान फोनवर पाजळू नका, समोरचा आखडतो.

आता मुख्य मुद्दा. एसटी सुटली की रिकाम्या सीटचं तिकीट कापता येत नाही, तसं मंगळवारची रिकामी खोली बुधवारी विकता येत नाही. त्यामुळे सेल्सवाला तुमच्याकडे बघताना "हा किती पैसे देतोय" याच्या आधी "हा माझ्या कुठल्या रात्री भरतोय" हे बघतो. हिंजवडीत सोमवार ते गुरुवार हॉटेलं बऱ्यापैकी भरलेली असतात, कारण आयटी कंपन्यांचे पाहुणे. शुक्रवारी दुपारनंतर पार्किंग ओस पडतं. शनिवारी रात्री अर्ध्या मजल्यांचे दिवेसुद्धा लावत नाहीत. लोणावळा-महाबळेश्वरला बरोबर उलटं. आता विचार करा, जो माणूस म्हणतो "मी सोमवार ते गुरुवार राहीन आणि शनिवार-रविवार घरी जाईन", तो हॉटेलच्या गर्दीच्या रात्री घेतोय आणि रिकाम्या रात्री रिकाम्याच सोडतोय. त्याला सवलत देऊन हॉटेलला काय मिळालं? उलट "मी शनिवार-रविवारसुद्धा इथेच आहे, बहुतेक वेळा" असं म्हणणारा माणूस सोन्यासारखा. तुमचे दहापैकी सहा शनिवार-रविवार पुण्यातच जाणार आहेत. ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि तुम्ही प्रश्नात ती जवळजवळ लपवली आहे. पहिल्याच वाक्यात ती सांगा.

उरले घरी जाण्याचे चार शनिवार-रविवार, त्यावर मधला मार्ग निघतो. एक, दर वेळच्या त्या तीन रात्री निम्म्या दराने खोली राखून ठेवायची. दोन, खोली सोडायची, बॅगा क्लोकरूममध्ये ठेवायच्या, सोमवारी तीच खोली परत, दर तोच. दुसरा मार्ग हॉटेलं सहज मान्य करतात, कारण त्यांना त्या रात्री चुकून कुणी आलं तर खोली विकता येते. फक्त सोमवारी सकाळी सात वाजता पोचलात तर खोली तयार हवी, हे आधी बोलून घ्या. रात्रभर प्रवास करून आल्यावर लॉबीत दोन वाजेपर्यंत बसायला लागलं तर वाचलेले पैसे कडू लागतात.

दर किती कमी होऊ शकतो, हेही तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. खरं उत्तर म्हणजे तारखांवर आहे. माझ्या अनुभवात आठवडाभरासाठी जाहीर दरावर दहा-पंधरा टक्के, महिन्याच्या वर गेलात तर वीस ते तीस. पावसाळ्याचे दिवस तुमच्या बाजूने आहेत, लग्नसराई ओसरत आलेली असते. हाच मुक्काम डिसेंबरात असता तर मी इतक्या आत्मविश्वासाने लिहिलं नसतं. नवीन उघडलेलं हॉटेल जास्त सोडतं, कारण त्याला भरलेल्या खोल्या दाखवायच्या असतात. आधीच दोन कंपन्यांचे मोठे ग्रुप घेऊन बसलेलं हॉटेल तुम्हाला उभंही करणार नाही, तिथे डोकं फोडू नका.

बोलणं झालं की मेल पाठवा. फोनवरचा दर पुढच्या शिफ्टला कुणालाच आठवत नाही. मेल लांबलचक नको, असा पुरे:

"नमस्कार. मी अमुक कंपनीकडून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दहा आठवडे हिंजवडीत आहे. एकट्यासाठी एक खोली हवी आहे. बहुतेक शनिवार-रविवारही मुक्काम इथेच असेल. घरी जाण्याच्या चार वेळांच्या तारखा दोन आठवडे आधी कळवीन. बिल कंपनीच्या नावाने, पैसे दर पंधरवड्याला आगाऊ. कृपया नाश्त्यासकट आणि नाश्त्याशिवाय असे दोन दर, कर वेगळा दाखवून, कळवावेत. अजून दोन हॉटेलांशी बोलतो आहे, शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे."

यात आकडा नाही हे लक्षात आलं असेल. पहिला आकडा त्यांना सांगू द्या. कधी कधी तो तुमच्या लक्ष्याच्या खालीच येतो. वर आला तर, "माझी कंपनी करासकट २,५०० च्या वर मंजूर करत नाही, त्यात बसवता येईल का?" हे सरळ सांगा. कंपनीची मर्यादा हे कारण सेल्सवाल्याला समजतं, त्याच्या बॉसला सांगायलाही सोपं जातं. "फार महाग आहे हो" याला काहीच उत्तर नसतं.

दोन हॉटेलांशी बोलतोय असं लिहिलंत तर खरोखर बोला. खोटं कोटेशन सांगायच्या भानगडीत पडू नका. एका भागातली हॉटेलं रोज रात्री एकमेकांना फोन करून किती खोल्या भरल्या, सरासरी दर काय, हे विचारून घेतात. सेल्सची मंडळी तर इकडून तिकडे नोकऱ्या बदलतच असतात. "शेजारी मला १,८०० ला देतायत" म्हणालात, तर तुमचा फोन ठेवायच्या आत शेजारी विचारणा होते.

दर एका जागी अडला की पैसे सोडून वस्तूंकडे वळा. तिथे हात सैल असतो. नाश्ता घ्यायचा की नाही, हा पहिला विचार. तेच उपमा, तीच इडली, तेच कॉर्नफ्लेक्स पंधराव्या दिवशी नकोसे होतात, आणि बाहेर टपरीवर चाळीस रुपयांत गरम पोहे मिळतात. नाश्ता वगळून किती कमी होतात ते विचारा. शंभरच्या आत कमी करत असतील तर नाश्ता ठेवा. कपडे धुणं ही पावसाळ्यातली मोठी डोकेदुखी. जुलैत पुण्यात खोलीतल्या दोरीवर कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि हॉटेलच्या लाँड्रीचा दर नगावर असतो. रोज दोन कपडे फुकट, किंवा निम्म्या दरात लाँड्री, हे मागा. हॉटेलची लाँड्री तशीही चालू असते, त्यांना ते जड जात नाही. बदल्यात खोलीची सफाई आणि चादरी एक दिवसाआड चालतील असं म्हणा. तो तुमचा देण्याचा भाग. छोटा फ्रिज, किटली, लिफ्टपासून लांबची खोली, आणि मधे खोली बदलायला लावणार नाही याची कबुली, हेही याच वेळी.

एका कलमाकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. प्रोजेक्ट सहा आठवड्यांतच आटोपला तर? बरीच हॉटेलं अशा वेळी झालेल्या सगळ्या रात्री मागे जाऊन महाग दराने धरतात. मुक्काम कमी तर दर वाढीव, हे त्यांच्या बाजूने चुकीचं नाही. पण तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीचा भुर्दंड तुम्ही का घ्यावा? यावर मी स्वतः लोकांना उतरत्या दराचा तोडगा देत असे. पहिले दोन आठवडे २,६००, पुढचे चार २,३००, शेवटचे चार २,१५०. सरासरी २,३०० येते. मधेच निघालात तरी झालेल्या रात्रींचा हिशेब मिटलेला असतो, भांडण नाही. यात पहिले दोन आठवडे करासकट २,७३० होतात, म्हणजे कंपनीच्या मर्यादेच्या वर, तेवढ्यासाठी एचआरची परवानगी लागेल. ती मिळत नसेल तर सात दिवस आधी कळवलं की दर बदलणार नाही, एवढं मेलवर घ्या. आणि उलटही, प्रोजेक्ट लांबला तर त्याच दराने किती दिवस वाढवता येईल, तेही.

सगळे पैसे एकदम आगाऊ भरून आणखी सूट घ्यायचा मोह होईल. मी घेऊ नका म्हणेन. पंधरवड्याचे आगाऊ दिलेत तरी हॉटेलला पुरेसा भरवसा असतो, आणि पाणी येत नाही, वाय-फाय चालत नाही, शेजारी बांधकाम सुरू झालं, यातलं काही झालं तर तुमच्या हातात काहीतरी उरतं. तसंच, पहिल्या दोन-तीन रात्री ॲपवरून घ्या, राहून बघा आणि समाधान झालं की उरलेल्या मुक्कामाचा दर पक्का करा. बोलणी आधी करून ठेवायची, सही नंतर. जास्त रात्री ॲपवर घेऊन बसलात तर त्या ॲपच्याच दराने जातील.

तुमच्या यजमान कंपनीच्या ॲडमिनलाही एक फोन करा. हिंजवडीतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे आसपासच्या हॉटेलांशी कॉर्पोरेट दर ठरलेले असतात आणि प्रोजेक्टवर आलेल्या पाहुण्यांना ते मिळतात. तो दर तुम्हाला मिळाला तर वरची निम्मी खटपट वाचेल. त्यावरही लाँग स्टेसाठी आणखी काही सुटतं का, हे विचारायला हरकत नाही.

शेजारच्या वाकडला दोन-तीनशेने स्वस्त खोल्या दिसतील. पण आयटी पार्कच्या फेज दोन किंवा तीनला ऑफिस असेल तर सकाळच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज कॅबने जाऊन ते पैसे तिथेच जातात, वर तासभर जातो तो वेगळाच. सर्व्हिस अपार्टमेंट मात्र नक्की बघा. स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन असलं तर दहा आठवड्यांना ते हॉटेलपेक्षा सोयीचं पडू शकतं. फक्त वीजबिल, गॅस आणि सफाई दरात आहे की वेगळी, आणि कंपनीला चालेल असं जीएसटीचं बिल देतात का, ते आधी विचारा. फ्लॅट भाड्याने घ्यायच्या फंदात इतक्या कमी दिवसांसाठी पडू नका. डिपॉझिट, ब्रोकर, कराराची नोंदणी, यातच पहिले दोन आठवडे जातील.

राहायला लागल्यावर दर शनिवारी रिसेप्शनवरून आतापर्यंतचं बिल मागून घ्या. ठरलेला दर सिस्टीममध्ये कुणीतरी हाताने टाकलेला असतो. खोली सोडून परत आलात की नवीन बुकिंग उघडतं आणि त्यावर चुकून जुनाच ३,१०० चा दर चढतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यात कुणाची लबाडी असते असं मला वाटत नाही. आठवड्याच्या आत दाखवलंत तर ड्युटी मॅनेजर मेल बघून तिथेच दुरुस्त करतो. दहा आठवड्यांनी, कंपनीच्या नावाचं बिल निघाल्यानंतर दाखवलंत, तर क्रेडिट नोट (आधीच्या बिलातली रक्कम कमी करणारा कागद), अकाउंट्स, नागपूरचे फोन आणि महिनाभर अडकलेली तुमची रक्कम. पहिल्याच बिलावर कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक अक्षर न् अक्षर तपासून घ्या.